पीटीचे सर: नागपूरच्या विजय बारसेंची गोष्ट, भंडाऱ्यातून बघताना

आजचा एपिसोड फुटबॉलवर आहे, पण मेस्सी-रोनाल्डोवर नाही. आज आपण अशा माणसाबद्दल बोलणार आहोत ज्याला आपल्या कॉलेजात कोणी ‘कोच’ म्हणतच नाही. ‘पीटीचे सर’ म्हणतात, नाहीतर नुसतं ‘स्पोर्ट्सचे सर’. खेळाच्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते.

आधी जरा अमेरिकेत जाऊन येऊ. तिकडे कॉलेज फुटबॉल म्हणजे तो अंड्यासारखा चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. तिथल्या मोठ्या कॉलेजांना एका हेड कोचच्या हाताखाली किती असिस्टंट कोच ठेवता येतील याचा नियम होता, आणि २०१८ पासून काही वर्षं तो आकडा होता दहा. दहा! एक फक्त बॉल फेकणाऱ्याला शिकवणार, एक फक्त पकडणाऱ्यांना, एक फक्त किक मारणाऱ्याला. असिस्टंट कोच हे तिकडे रीतसर करिअर आहे. माणूस खालच्या पायरीवर चिकटतो, दर दोन-चार वर्षांनी कॉलेज बदलतो आणि नशिबात असेल तर कधीतरी हेड कोच होतो.

आता आपल्याकडे या. भंडाऱ्यातलं, तुमसरचं, साकोलीचं, पवनीचं कुठलंही कॉलेज घ्या. तिथे एक माणूस असतो. एकच. कागदावर त्याचं पद असतं ‘शारीरिक शिक्षण संचालक’. संचालक म्हटलं की वाटतं, हाताखाली दहा-बारा लोक असतील. बऱ्याचदा हाताखाली असते एक खोली. तिच्यात नेटची गुंडाळी, हवा गेलेले तीन व्हॉलीबॉल, भाल्याचं एक टोक आणि चुन्याची गोणी. कबड्डीची टीम यानेच काढायची, खो-खोचीही यानेच, क्रॉस कंट्रीच्या पोरींना यानेच घेऊन जायचं आणि फुटबॉलची एन्ट्रीही यानेच भरायची. स्वातंत्र्यदिनाची परेड वेगळीच.

सिस्टीम समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट नीट लागेल. भंडाऱ्याची कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली येतात. हे विद्यापीठ १९२३ चं. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया असे चार जिल्हे त्याच्याकडे आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाकडे गेले. कॉलेजांची आपसात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते. तिच्यातून विद्यापीठाची टीम निवडतात. ती टीम मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. म्हणजे लाखनीचा पोरगा आणि नागपूरच्या मोठ्या कॉलेजातला पोरगा, कागदावर दोघंही एकाच शिडीवर उभे असतात. फरक इतकाच की कामठीच्या पोराला घराजवळ फुटबॉल दिसतो. ब्रिटिशांची छावणी होती तिथे. रब्बानी क्लबसारखी नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते, रात्री नाटक रंगतं, कबड्डीचे सामने होतात. फुटबॉल मात्र कोणीतरी आणून दाखवावा लागतो. आणि तो आणून दाखवणारा बहुतेक वेळा कॉलेजचा किंवा शाळेचा पीटीचा सरच असतो.

मला आवडलेली एक गोष्ट इथे सांगतो. हा आपला पीटीचा सर आणि तो अमेरिकन असिस्टंट कोच, हे दोघं चुलतभाऊ आहेत!

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये स्प्रिंगफिल्ड नावाचं गाव आहे. तिथे वायएमसीएची शिक्षक तयार करणारी शाळा होती. १८९१ मध्ये जेम्स नायस्मिथने बास्केटबॉल शोधला तो तिथेच. त्याच काळात तिथली फुटबॉल टीम उभी करत होता अमोस अलोन्झो स्टॅग, आणि नायस्मिथ त्याच्या टीममध्ये खेळत होता. हा स्टॅग पुढे शिकागो विद्यापीठात १८९२ पासून चाळीस वर्षं कोच होता, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा भीष्म पितामह म्हणा ना. आणि शेवटी? नव्वदी ओलांडल्यावर हा माणूस कॅलिफोर्नियात एका ज्युनियर कॉलेजच्या पोरांना किक मारायला शिकवत होता, असिस्टंट म्हणून! गेला तेव्हा वय होतं १०२.

त्याच स्प्रिंगफिल्डमधून शिकलेला हॅरी क्रो बक नावाचा अमेरिकन मद्रासला आला आणि १९२० मध्ये त्याने वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. भारतात खेळाचा शिक्षक घडवणारं हे पहिलं कॉलेज. म्हणजे शिट्टी, रांग, ‘एक-दो-एक’, वेगवेगळ्या खेळांची मैदानं आखून देणं, ही सगळी पीटीच्या सरांची विद्या बऱ्याच अंशी तिथून आली.

पण एवढंच सांगून थांबलो तर आपल्या विदर्भावर अन्याय होईल. अमरावतीत त्याच्याही आधी, १९१४ मध्ये, अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं होतं. तिथली टीम १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीत जाऊन कबड्डी, मल्लखांब असले आपले खेळ दाखवून आली. पुढे तिथेही शारीरिक शिक्षणाचं कॉलेज झालं. विदर्भातल्या कितीतरी पीटीच्या सरांचं शिक्षण तिथलंच. थोडक्यात, आपल्या सरांच्या अंगात अर्धं मद्रास आहे आणि अर्धी अमरावती.

आता मुख्य माणूस. विजय बारसे.

बारसे सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. हिस्लॉप म्हणजे १८८३ चं कॉलेज, विदर्भातल्या सगळ्यात जुन्या कॉलेजांपैकी एक. नाव स्टीफन हिस्लॉपवरून. हा स्कॉटिश मिशनरी, शिक्षक आणि दगडांचा वेडा. टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं बघायला गेला आणि १८६३ मध्ये त्याच भागात नाल्याच्या पुरात वाहून गेला. वर्गाबाहेर फिरणारे मास्तर ही त्या कॉलेजची जुनीच परंपरा दिसते.

वर्ष २००१, पावसाळा. बारसे सरांना झोपडपट्टीतले काही पोट्टे पावसात खेळताना दिसले. काय खेळत होते? एक फुटकी बादली पायाने लाथाडत होते. बॉल नव्हता. सरांनी बघितलं आणि त्यांना फुटबॉल आणून दिला.

ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ‘झुंड’मुळे आता सगळ्यांना माहीत आहे. पण ती सांगताना आपण एका जागी घाई करतो असं मला वाटतं. बादली लाथाडणारी पोरं नागपुरात त्या दिवशी हजारो लोकांनी बघितली असतील. मीही बघितली असती तर ‘बघ ना, कसे मजेत आहेत’ म्हणून पुढे गेलो असतो, फार तर फोटो काढला असता. पीटीच्या सरांना मात्र त्यात दुसरंच दिसतं. पाय कुठे पडतोय, तोल कसा सावरतो, कोण बादलीकडे पळतो आणि कोण ती जिथे येणार आहे तिथे आधीच जाऊन उभा राहतो. वर्षानुवर्षं जुलै-ऑगस्टमध्ये नवीन ॲडमिशनची पोरं रांगेत उभी करून ‘तू ये, तू थांब’ करणाऱ्या माणसाची ती नजर असते. फक्त इथे पोरं कॉलेजच्या ॲडमिशनची नव्हती.

खरी अडचण इथेच आहे. कॉलेजच्या सरांचं काम कॉलेजच्या गेटच्या आत असतं. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळायचं तर आधी तुमचं नाव हजेरीपटात हवं. दहावी नापास पोरगा कितीही जोरात शॉट मारत असू दे, सरांना तो टीममध्ये घेता येत नाही. म्हणजे ज्या पोराला खेळाची सगळ्यात जास्त गरज आहे तो सिस्टीमच्या बाहेर, आणि खेळ शिकवण्याचा पगार ज्याला मिळतो तो आत. मधे गेट. आता गेटपाशी उभा असलेला सर काय करू शकतो? बहुतेक जण काही करत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष काढणं सोपं आहे. दिवसभर त्यांच्या डोक्यावर परीक्षेची ड्युटी असते, नॅकच्या फायली असतात.

बारसे सर गेटबाहेर गेले. त्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्पर्धाच भरवली, आणि तिचं नाव ठेवलं ‘झोपडपट्टी फुटबॉल’. २००२ च्या त्या स्पर्धेत १२८ टीम आल्या. जरा थांबून हा आकडा बघा. १२८ म्हणजे दोनचा सातवा घात. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना एकदम ओळखीचा. नॉकआउट धरली तर सात फेऱ्या आणि १२७ मॅचेस. म्हणजे १२७ वेळा चुना टाकायचा, १२७ वेळा शिट्टी. हे नुसत्या चांगल्या मनाने होत नाही. ड्रॉ काढणं, लाइन आखणं, पंच बसवणं, वेळापत्रक पावसात कोलमडलं तर पुन्हा जुळवणं, हरलेल्या टीमचं भांडण मिटवणं, ही सगळी पीटीच्या सरांची रोजची कामं आहेत. कॉलेजात ज्या कामांना कोणी काम समजत नाही, नेमकी तीच गेटबाहेर कामाला आली.

त्या नावावरून त्यांना लोकांनी टोकलं. ‘झोपडपट्टी’ कशाला म्हणता, काहीतरी चांगलं नाव द्या. सर ऐकले नाहीत. नाव बदललं असतं तर वर्षा-दोन वर्षांत चांगल्या घरची पोरं चांगले बूट घालून आली असती आणि ज्यांच्यासाठी भरवली तेच पोट्टे बाउंड्रीवर बसले असते. आज एखाद्या मार्केटिंगवाल्याला विचारलं तर तो हे नाव पहिल्या मिनिटाला खोडेल. मला तर वाटतं, सगळ्या गोष्टीत सरांचा सगळ्यात पक्का निर्णय हाच.

पुढे क्रीडा विकास संस्था आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने काम वाढत गेलं. पत्नी रंजना बारसे सोबत होत्याच. मुलगा अभिजित अमेरिकेतून परत येऊन यात पडला. निवृत्तीनंतर हातात आलेल्या पैशातून सरांनी नागपूरजवळ जागा घेतली, पोरांसाठी. आपल्याकडे पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून काय होतं ते तुम्हाला माहीत आहे: मुलीचं लग्न, फ्लॅटची वरची मजली, एफडी. त्या हिशोबात हा निर्णय घरी कसा बसला असेल याचा विचार आपापल्या आईबाबांना समोर ठेवून करा.

आता दुसरा धागा. ज्या २००१ मध्ये नागपुरात बादली लाथाडली जात होती, त्याच वर्षी मेल यंग आणि हाराल्ड श्मिड या दोघांच्या डोक्यात एक कल्पना आली. रस्त्यावरचे बेघर लोक विकतात अशी मासिकं युरोपात चालतात, त्या चळवळीतली ही माणसं. त्यांनी ठरवलं, बेघर लोकांचा वर्ल्ड कप करायचा. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिला ‘होमलेस वर्ल्ड कप’ झाला, १८ देशांचा. नियम मजेदार आहेत. मैदान २२ बाय १६ मीटर, बास्केटबॉलच्या कोर्टपेक्षाही लहान. एका बाजूला चार खेळाडू, गोलकीपर धरून. सात-सात मिनिटांचे दोन हाफ. म्हणजे चहा थंड व्हायच्या आत मॅच संपते. स्लम सॉकरच्या मार्फत भारताची टीम तिथे जाऊ लागली. २००७ मध्ये कोपनहेगनला भारत होता.

या वर्ल्ड कपचा एक नियम मला फार जड वाटला. खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. एकदाच. पुढच्या वर्षी दुसऱ्याची पाळी. विचार करा, झोपडपट्टीतला पोरगा विमानात बसतो, अंगावर देशाची जर्सी, स्टँडमध्ये परक्या भाषेतले लोक टाळ्या वाजवतात, आणि दहा दिवसांनी तो पुन्हा नागपूरच्या त्याच गल्लीत. आता काय? खेळाडू म्हणून पुढचा रस्ता तर नियमानेच बंद.

उत्तर तेच होतं, ज्याच्यावर हा सगळा एपिसोड आहे. त्यांच्यातले काही कोच झाले. आधी असिस्टंट, म्हणजे कोन लावणारा, बॉल गोळा करणारा, लहान पोरांची रांग सरळ करणारा, मग स्वतःची बॅच. स्लम सॉकर आपल्या जुन्या खेळाडूंना कोच म्हणून तयार करते. त्यांच्या ‘एज्युकिक’ नावाच्या कार्यक्रमात खेळातूनच गणित आणि आरोग्याच्या गोष्टी शिकवतात. ज्याला शाळेने बाहेर काढलं तोच आता मैदानावर बेरीज शिकवतोय, असंही चित्र बनतं. आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’च्या तिसऱ्या सीझनचा पहिलाच भाग, ५ ऑक्टोबर २०१४ चा, खेळाने माणूस कसा बदलतो यावर होता, त्यात ही मंडळी दिसली. आणि २०१६ मध्ये फिफाने आपला डायव्हर्सिटी अवॉर्ड स्लम सॉकरला दिला. फिफा! नागपूरच्या एका क्रीडा शिक्षकाने सुरू केलेल्या कामाला.

मग ४ मार्च २०२२ ला नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ आला. अमिताभ बच्चन त्यात विजय बोराडे, म्हणजे बारसे सरांवरून घेतलेलं पात्र. सिनेमात कॉलेजचं मैदान आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत आहे. मघाशी मी ज्या गेटबद्दल बोललो ते मंजुळेंनी भिंतीच्या रूपात उभं केलं. दुसऱ्या हाफमध्ये बॉलपेक्षा जास्त धावपळ पासपोर्टसाठी आहे, आणि अनेकांना तो भाग लांबलेला वाटला. मला तोच सगळ्यात खरा वाटला. ज्याच्याकडे जन्माचा कागद नाही त्याच्यासाठी डिफेंडर चुकवणं सोपं, खिडकीवरचा बाबू चुकवणं अवघड. माझी एकच तक्रार आहे. अमिताभ इतका मोठा दिसतो की सर पहिल्या सीनपासून महापुरुष वाटतात. खरा पीटीचा सर स्टाफरूममध्ये शेवटच्या खुर्चीवर बसतो.

आता भंडाऱ्याकडे वळू, कारण त्याच २०२२ मध्ये फुटबॉलची दुसरीही एक गोष्ट झाली आणि तिचा धागा आपल्या जिल्ह्यातून जातो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष बरीच वर्षं कोण होते? प्रफुल्ल पटेल. २००९ मध्ये भंडारा-गोंदियातून निवडून गेलेले खासदार. म्हणजे भारतीय फुटबॉलची सगळ्यात वरची खुर्ची आपल्या मतदारसंघातल्या माणसाकडे होती. त्यांच्या काळात २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतात झाला, ही मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य करायला हवी. पण मुदत संपल्यावरही निवडणूक लांबत गेली, प्रकरण कोर्टात होतं, आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने महासंघाचा कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. त्यावरून ऑगस्टमध्ये फिफाने भारतालाच निलंबित केलं. अकरा-बारा दिवसांत ते उठलं, पण झालं ते झालं.

नागपूर आणि भंडारा, मधे साठ-पासष्ट किलोमीटर. एका वर्षात एकीकडच्या निवृत्त क्रीडा शिक्षकावर सिनेमा आला आणि दुसरीकडून गेलेल्या अध्यक्षांची खुर्ची गेली. मला यात व्हिलन शोधायचा नाही. मला एवढंच दिसतं की अध्यक्ष भंडाऱ्याचा असल्याने भंडाऱ्यात फुटबॉल आला नाही. तो तसा येतच नाही.

कसा येतो मग? १५ सप्टेंबर २०१७ आठवतो? वर्ल्ड कपच्या तोंडावर राज्य सरकारने ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’ केलं होतं. एका दिवशी दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांना बॉल वाटले गेले, भाषणं झाली, फोटो निघाले. तुमच्यातले काही जण तेव्हा शाळेत असतील, खेळलेही असतील. कल्पना वाईट नव्हती. बॉल गावोगाव पोचला, म्हणजे बारसे सरांनी २००१ मध्ये जे पहिलं पाऊल टाकलं, ते सरकारने एका दिवसात दहा लाखांसाठी टाकलं. पण नागपुरात बॉल दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सर पुन्हा आले होते, आणि तिसऱ्याही.

१६ सप्टेंबरला तो बॉल कुठे होता, हे पूर्णपणे एका माणसावर अवलंबून होतं. शाळेत पीटीचा शिक्षक होता का, की गणिताच्याच मॅडमकडे ‘खेळाचा तास’ दिला होता? तो शिक्षक कायम होता, की तासिका तत्त्वावर, दिवाळीनंतर येईल का याचीच खात्री नसलेला? बॉल कपाटात गेला की मैदानात राहिला?

म्हणून आज तुमच्यासाठी एक काम आहे. तुमच्या शाळेतले किंवा कॉलेजातले पीटीचे सर कोण होते, त्यांनी कुठली टीम काढली, कोणाला गेटबाहेरून आत घेतलं, हे आपल्याला व्हॉइस मेसेज करून सांगा. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी, सातही तालुक्यांतून आले तर पुढचा अख्खा एपिसोड त्यावरच करू. आणि तुम्ही आता कॉलेजात असाल तर आणखी एक गोष्ट बघून या. ते पद भरलेलं आहे का, आणि खेळाच्या खोलीची किल्ली सध्या कोणाकडे आहे?